नऊ नंबरच्या घरावरची तारीख

तुमच्या घरातल्या सुनेला ताप आला, तर तिला दवाखान्यात न्यायचं की नाही हे कोण ठरवतं? ती स्वतः? पटकन 'हो' म्हणू नका. मागच्या वेळचं आठवून बघा. आधी कुणाला विचारलं होतं, कुणाला फोन लावला होता, आणि त्या सगळ्यात तिला किती जणांनी विचारलं होतं…

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त चुका काढायला वाचत आले. खरं सांगते. आमच्या रत्नागिरीतल्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांपैकी. रात्रीची जेवणं झाली की ताटं उचलायची, जागा पुसायची आणि तिथेच बसून पत्रकांच्या घड्या घालायच्या – हे माझं लहानपण. करणी, भानामती, अंगात येणं… मजकूर तोंडपाठ होता. पुढे पत्रकं मीच लिहायला लागले. त्यामुळे हे लिहिताना मला फार अवघड जातंय. पण जे झालं ते झालं, आणि आता त्यातून जे व्हायला लागलंय ते थांबवायचं असेल तर गप्प बसून चालणार नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. लांजा तालुक्यात, लांज्याहून एसटीनं पाऊण तासावर एक फाटा आहे. तिथे उतरून चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरत गेलं की पऱ्या, म्हणजे ओढा लागतो, आणि पऱ्यापलीकडे सोळा घरांची वाडी. त्यातलं नऊ नंबरचं घर माझ्या आत्याचं. घरात आत्या आणि तिची सून सायली. आत्याचा मुलगा संदेश, म्हणजे माझा दादा, मुंबईत एका बांधकामाच्या साईटवर स्टोअर सांभाळतो. गणपतीला आला होता तो तापातून उठूनच. मुंबईच्या डॉक्टरनं मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या. बरं वाटलं तसं त्यानं त्या अर्ध्यावर सोडल्या, उरलेली पाकिटं कपाटात टाकली आणि सुट्टी संपल्यावर परत गेला.

सोमवारी आत्याचा फोन. "मुक्ते, चार दिवस येशील का गो? भात कापायला झालाय, आणि सायलीला जरा कसर हाय."

सायली तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. मी दुपारच्या गाडीनं पोचले, तर ती चुलीपुढे भाकऱ्या भाजत होती! ताप नव्हता. शुक्रवारी हुडहुडी भरून आली होती, शनिवारी बरं, रविवारी परत. दात वाजेपर्यंत थंडी, मग भट्टीसारखा ताप, मग अंग घामानं ओलं, की संपलं.

"दिवसाआड," मी म्हटलं. "आत्ये, हा हिवताप आहे. रक्त तपासलं का?"

"आली होती ती रेश्मा शनिवारी, आशाताई. तिचं ते किट संपलेलं. म्हणाली काचेवर रक्त घेते. मी म्हटलं, पोटुशी बाईचं रक्त काढायचं नाय. आधीच तिच्या आंगात कुठं हाय? संदेशच्या गोळ्या होत्या, त्यातल्या दोन दिल्या."

"दादाच्या उरलेल्या?"

"त्याला लागू पडल्या, हिला काय विंचू चावणार हायत? पण उष्ण पडल्या. उलटी काढलीन्. मग नाय दिल्या."

बघा, एका घरात किती चुका होत्या. दादानं गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, आत्यानं अंदाजानं दोन दिल्या, तपासणारी दारात आली तिला परत पाठवलं. आणि आत्या वाईट बाई नाही हो. सायलीला माहेरी आई नाही म्हणून डोहाळे तिनंच पुरवले. बाटलीभर मीठपाण्यातल्या कैऱ्या कुणाकुणाकडून मागून आणल्या होत्या तिनं.

मंगळवारी दुपारी मी ते डोळ्यांनी पाहिलं. तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. सायली पोटावर दोन्ही हात धरून पडलेली, ओठ काळेनिळे. "ताई, बाळाला पण थंडी वाजत असेल का?" एवढंच विचारत होती. मी दादाला फोन लावला.

"तू आईला विचार," तो म्हणाला.

"बायको तुझी आहे!"

"अगं पण तिथं आई हाय ना. मी हितनं काय सांगू? तिच्या मनाविरुद्ध नको."

आत्या म्हणाली, भावकीला विचारते. भावकी म्हणजे तिचे चुलत दीर सखारामतात्या. ते म्हणाले, शुक्रवारी सून पऱ्यावर कपडे धुवायला गेली होती, आल्यावरच थंडी भरली. पऱ्यावरच्या राखणदाराचा, त्या जागेच्या देवाचा, मान यंदा राहिलाय. तेव्हा उद्या कौल लावू, देव सांगेल तसं करू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – कौल म्हणजे ग्रामदेवतेच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे जमिनीपासून लग्नापर्यंत सगळं त्यावर चालतं. दवाखानासुद्धा.

बुधवारी सकाळी दहाला वाडीतली सगळी मोठी माणसं देवळात जमली. बाकीची शेतात. सायलीला त्या दिवशी ताप नव्हता, फक्त अशक्तपणा. मी तिच्यापाशी थांबायला हवं होतं. पण मला ते थोतांड थांबवायचं होतं. पेज निवत घालून, तिला ओटीवर बसवून मी आत्याच्या मागे गेले. तिला एकटी टाकून. हे मी विसरणार नाही.

गुरव म्हणजे दत्तारामकाका. साठीचा माणूस, कृश, नेहमी हळू बोलणारा. त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, नऊ नंबरच्या घरातली पोटुशी सून तापानं पडली हाय. तिला शिवेभायेर दवाखान्यात न्यावी असं तुझ्या मनात असलं तर उजवी दे…"

दहा मिनिटं कुणी हललं नाही. मग पाकळी पडली. डावी. दुसऱ्यांदा विचारलं, राखणदाराचं काही राहिलंय का? उजवी पडली. ठरलं – शनिवारी पऱ्यावर नारळ आणि मान द्यायचा, तोवर सुनेनं शीव ओलांडायची नाही.

माझा तोल गेला. "ओली पाकळी आहे ती! ज्या बाजूला पाणी जास्त लागलं ती आधी घसरणार. काका, तुमच्या बोटांचा ओलावा म्हणजे देवाचं मत का? शनिवारपर्यंत ती मेली तर ही पाकळी कुणाला दाखवणार तुम्ही?"

देवळात 'मेली' म्हटलं मी. पोटुशी बाईबद्दल. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वैनी, ही तुमच्या भावाची ना? पत्रकवाल्याची?" सखारामतात्यांनी आत्याला विचारलं.

"व्हय," आत्या पुटपुटली.

"मग तिला सांगा, पत्रकं रत्नागिरीत वाट. हितं आमी अजून जित्ते हाव." मागे कुणीतरी हसलं.

दत्तारामकाका मात्र रागावले नाहीत. "हिचा बापूस पण असाच," ते म्हणाले. "देवाच्या पाया पडायचा नाय. पण माझ्याकडं चा पिल्याबिगर जायचा पण नाय." आणि पाषाणावरची उरलेली पाकळी काढून ठेवली. त्यानंतरही तास-दीड तास वाद चालला. मी पत्रकातले सगळे मुद्दे मांडले, एकही सोडला नाही. किती छान बोलले मी! आणि निघताना आत्यानं पाखाडीवर माझा दंड धरला.

"चार माणसांत माझी मान खाली घातलीस. कालपर्यंत माझ्या मनात होतं, कौल कसा पण लागूदे, गुपचूप हिला लांज्याला दाखवून आणूया. आता कशी नेऊ? लोकं म्हणतील, भावाच्या पोरीनं देवाला हरवलान्. आता ती हलणार नाय. आणि तू उद्याची पहिली गाडी धर."

मला वाटतं, या सगळ्यातली सगळ्यात मोठी चूक माझीच. एक दार किलकिलं होतं, ते मी भाषण करून बंद केलं.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. सायली ओटीवर खांबाला टेकून बसली होती. डाव्या हाताच्या बोटाला कापूस.

"काय झालं गो?" आत्या धावली.

"काय नाय. तो हिवतापवाला आलावता ना, रक्त घ्यायला."

मी वर बघितलं. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं. गोलात ९. खाली त्या दिवशीची तारीख. तारखेखाली दोन आडव्या रेघा. गणपतीत दादानं स्वतः त्या भिंतीला फिकट पिवळा रंग दिला होता. सकाळी मी त्या दारातूनच बाहेर पडले. तेव्हा भिंत कोरी होती.

"कोण होता? कसा होता?"

"म्हातारा. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी. मी पेज पीत होते. खळ्यात उभा राहिलान् नि विचारलान्, 'घरात ताप हाय का कुणाला?' मी म्हटलं, मला हाय. तर म्हणतो, 'बोट दे, बाय.' टोचलान्, काचेवर घेतलान्, कागदानं वारा घालून वाळवलान्. माझं नाव, आमच्या ह्यांचं नाव लिहून घेतलान्. भिंतीवर खूण केलान् नि गेला."

"आणि अनोळखी माणसाला तू बोट दिलंस?" आत्या ओरडली.

सायली कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आई, पाच दिवसांत मला कुणी विचारलंच नव्हतं, तुला ताप हाय का म्हणून. सगळी तुम्हालाच विचारतात."

मला आधी हायसं वाटलं. सरकारी माणूस आला, आपल्याला भांडावं न लागता रक्त गेलं! लगेच रेश्माताईंना फोन केला.

"खाकी? खाकी आता कोण घालतं, ताई?" त्या म्हणाल्या. "त्या कामाची आमच्या भागातली जागा रिकामी हाय. भिंतीवर तारखा लिहायचं तर मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीच बंद झालेलं. आणि मी सकाळपासून तालुक्याला मीटिंगला हाय. आमच्याकडून कुणी आलेलं नाय."

फोन ठेवला. भूतबीत डोक्यातही आलं नाही, हे लक्षात घ्या. माझ्या डोक्यात सुई होती. कोण हा माणूस? कसली सुई? आधी किती जणांना टोचलेली? सहा महिन्यांच्या गरोदर बाईच्या रक्तात तो काय सोडून गेला? मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माडाखाली, पाखाडीवर शोधलं. कापसाचा बोळा, सुईचं टोपण, कागद… काही नाही. पऱ्यापलीकडे भात कापणाऱ्या बायकांनी कुणाला येता-जाताना पाहिलं नव्हतं. वाडीत यायची वाट मात्र तीच एक.

गुरुवारी मी गाडी धरली नाही. बरं झालं. सकाळी सायलीला उठवायला गेले, तर तिनं मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. डोळे पिवळट. पाणी दिलं ते उलटलं. लघवी चहासारखी काळी. आणि थंडीची वेळ अजून व्हायची होती… मी आत्याचे पाय धरले. खरंच धरले. पत्रकातला एकही मुद्दा मांडला नाही.

"शनिवारपर्यंत नाय," ती म्हणाली. "देवाचा कौल मोडला नि पोराला काय झालं, तर संदेशला मी काय तोंड दाखवू?"

मी एकशेआठला फोन लावायला अंगणाच्या कोपऱ्यात गेले, कारण रेंज तिथेच येते. फोन लागायच्या आत पाखाडीवरून रेश्माताई धावत येताना दिसल्या. मागे आरोग्य केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर, खांद्यावर स्ट्रेचर.

"सायली संदेश, नऊ नंबर, हेच ना?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "तिची काच पॉझिटिव्ह हाय. मेंदूवर जातो ना, तो मलेरिया. डॉक्टर मॅडमनी लगेच उचलून आणा म्हटलंय."

"कसली काच?" आत्या.

"काल घेतली ना? उपकेंद्राच्या पडवीत पेटी असते, त्यातला गठ्ठा संध्याकाळी वर गेला. त्यात हिची काच होती. नाव, वय, घर नंबर, सहा महिने गरोदर, शुक्रवारपासून ताप – सगळं लिहिलेलं कागदावर. फक्त घेणाऱ्याची सही नाय."

तोवर स्ट्रेचर बघून माणसं जमली होती. सखारामतात्या पुढे आले. "कौल झालाय. शनिवारपर्यंत शीव ओलांडायची नाय. तुमची काच हितं चालत नाय."

"तात्या, ती मरेल हो!" रेश्माताई रडायच्या बेतात.

आणि मग दत्तारामकाका आले. खांद्यावर पंचा, हातात फुलांची परडी. देवळातून तसेच आले असणार. खळ्यात दोन पावलं टाकली आणि थांबले. दाराजवळच्या भिंतीकडे बघत राहिले. परडी खाली ठेवली. जवळ जाऊन त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं, न टेकवता.

"हे कुणी लिवलान्?"

मीच सांगितलं, काल आपण देवळात असताना एक म्हातारा आला होता म्हणून.

"काय म्हणाला तो?" हे त्यांनी मला नाही, आत खाटेवर पडलेल्या सायलीला दारातून विचारलं. ती अर्धवट शुद्धीत. तरी बोलली. "बोट दे, बाय म्हणाला… पोराची काळजी नको, म्हणाला… उद्या गाडी येईल."

हे शेवटचं तिनं आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं.

काकांनी पंचा तोंडावरून फिरवला. "उचला तिला."

"काका, कौल…" सखारामतात्या.

"कौल मी लावला. देवाला काय ते मी सांगेन. उचला म्हणतो ना!" हळू बोलणारा तो माणूस ओरडला, आणि स्ट्रेचरचा एक दांडा स्वतः धरला. पऱ्यातून, पाखाडी चढून, फाट्यापर्यंत. तात्यांनी नंतर दुसरा दांडा धरला, हेही सांगायला हवं.

आधी आरोग्य केंद्र, तिथून रत्नागिरीचा मोठा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? आत्या म्हणाली, "सात दिवस." दोन दिवस सायली कुणालाच ओळखत नव्हती. बाळाचे ठोके मोजायला नर्स आली की आत्या खोलीबाहेर जाऊन उभी राहायची, कान झाकून. तिसऱ्या दिवशी सायलीनं पाणी मागितलं. पौषात मुलगी झाली. वजनाला कमी होती, पण रडणं असं की वाडी जागी व्हावी. दादा आता गोळ्या पुऱ्या करूनच थांबला, त्याचंही रक्त तपासून घेतलं.

आता काकांबद्दल. दवाखान्यात ते भेटायला आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं. "काका, तुम्हीच केलंत ना? कौल फिरवता येत नव्हता, म्हणून कुणालातरी पाठवलंत?"

ते खिन्न हसले. "बाय, माझा थोरला भाऊ शांताराम. हिवतापाच्या खात्यात होता. तीस वर्षं ह्या सगळ्या वाड्या पायी फिरलान्. घराचा नंबर गोलात, खाली तारीख, तारखेखाली दोन रेघा. इतर कर्मचारी एक रेघ मारायचे. हा दोन. मी विचारायचो कशाला, तर म्हणायचा, एक खात्याची, एक माझी. तो जाऊन नऊ वर्षं झाली."

मी लगेच म्हटलं, मग त्याची पद्धत माहीत असलेल्या कुणीतरी केलं असेल.

"करूदे की," काका म्हणाले. "मी तेच म्हणतो. पण कोण?"

मी शोधलं. अजून शोधते आहे. काका स्वतः? सकाळी दहापासून बारापर्यंत ते माझ्यापुढे दोन हातांच्या अंतरावर उभे होते, मीच त्यांच्याशी भांडत होते. त्यांची साक्षीदार मी! रेश्माताई? मीटिंगचा फोटो आहे, त्यात त्या पुढच्या रांगेत. शेजारच्या तीन आरोग्य केंद्रांत जाऊन विचारलं, त्या दिवशी आमच्या बाजूला कुणीच आलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या माणसानं तो कागद मला दाखवला. काकांकडून त्यांच्या भावाची जुनी डायरी आणून मी ती शेजारी ठेवली. 'स'ची वळणं, 'र'चं शेपूट… मी हस्ताक्षरतज्ज्ञ नाही. एवढंच म्हणते की मला फरक सापडला नाही. पेटी उघड्या पडवीत असते, काच त्यात कुणीही टाकू शकतं, हे मान्य. पण रक्ताचा तो थेंब काचेवर नीट पसरवायला शिकलेला हात लागतो. सायलीनं तापात सगळं कल्पिलं असं म्हणावं, तर काच खरी, जंतू खरे, भिंतीवरचा गेरू खरा. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "माहीत नाही असं लिही. माहीत नाही म्हणजे भूत, असं लिहू नकोस."

म्हणून तसंच लिहिते. मला माहीत नाही.

हे सगळं मी आत्ता का लिहिते आहे? कारण या मे महिन्यात मी वाडीत गेले, तेव्हा त्या खुणेला हळदकुंकू लावलेलं होतं. खाली पणती. आत्या म्हणाली, लोकं येतात. आणि ओटीवर खालच्या वाडीतला एक गडी बसला होता, घोंगडी पांघरून, डोळे लाल. तीन दिवस ताप होता त्याला. तीन दिवस तो रोज तिथे येऊन बसत होता… म्हातारा येऊन रक्त घेईल म्हणून!

मी त्याच्यावर ओरडले नाही. ओरडून काय होतं ते मी बघितलंय. त्याच्या शेजारी बसले, रेश्माताईंना फोन केला, त्यांनी येऊन तिथेच त्याचं बोट टोचलं. त्यालाही हिवताप निघाला. वाचला. मग मी ओला फडका घेऊन त्या भिंतीपुढे उभी राहिले. पुसायचंच ठरवलं होतं. हात वर केला… आणि पुसलं नाही. का ते मला विचारू नका. मला स्वतःला ते उत्तर आवडत नाही.

आता तुमच्याकडे मागणं. ती खूण बघायला कृपा करून येऊ नका, म्हणून तर मी वाडीचं नाव दिलेलं नाही. कुणाला त्या बुधवारच्या माणसाबद्दल काही ठाऊक असेल, तर संपादकांकडे पत्र पाठवा. तो जिवंत असेल तर मला त्याच्या पाया पडायचंय, आणि मी आजवर कुणाच्या पडलेले नाही. पण त्याआधी हे करा. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा – आमच्या वाडीत ताप आलेल्या माणसाचं रक्त घ्यायला कोण येतं? त्याचं नाव सांगा. हयात माणसाचं नाव. सांगता आलं नाही, तर 'कुणी नाही' असं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ते लिहिल्याशिवाय खाली बसू नका.